तुमचे प्रश्न : सवयी त्याच, माणसं तेवढीच, मग घर बदलल्यावर बिल का वाढलं?

मागच्या अंकात घरातल्या विजेबद्दल लिहिलं होतं, पंखा कितीवर ठेवायचा, फ्रीज भिंतीपासून किती लांब हवा वगैरे. त्यावर बरीच पत्रं आली आणि वाचताना माझ्या लक्षात आलं की मी अर्धीच गोष्ट सांगितली होती. घरात लागणारी ऊर्जा म्हणजे फक्त आपल्या सवयी नाहीत. घर कुठे बांधलंय, कुणाला चिकटून बांधलंय, समोर झाड आहे की पार्किंग, शाळा चालत जाण्याजोगी आहे की नाही, हे सगळं आपण बटण दाबायच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं. म्हणून या वेळी त्याच धर्तीचे प्रश्न निवडलेत.

प्रश्न : आम्ही चौघं शहराच्या मधल्या भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून बाहेरच्या नव्या लेआउटमध्ये स्वतंत्र घरात आलो. एसी तोच, फ्रीज तोच, तरी बिल जवळजवळ दुप्पट येतंय. मीटर फास्ट असेल का?

मीटर जरूर तपासून घ्या ताई, पण मला नाही वाटत दोष मीटरचा आहे. एक छोटं गणित करून बघू, कागद पेन्सिल घेऊन करा म्हणजे पटेल. ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच अशा ८ खोल्या आहेत समजा. त्या आठही वेगवेगळ्या, सुट्या बांधल्या तर प्रत्येकीच्या चार भिंती आणि एक छप्पर असे ९ चौरस मीटरचे ५ पृष्ठभाग उघड्यावर राहतात, म्हणजे ४५ चौरस मीटर, आणि आठांचे मिळून ३६०. आता त्याच आठ खोल्या खाली चार वर चार अशा एकमेकींना चिकटवा. ६ मीटर बाजूचा एक ठोकळा तयार होतो आणि त्याचा उघडा भाग भरतो १८०. बरोब्बर निम्मा. खोल्या तेवढ्याच, जागा तेवढीच, पण ऊन आत यायला आणि थंडीत ऊब बाहेर जायला वाट निम्मीच उरली.

तुमचा जुना फ्लॅट हा त्या ठोकळ्याच्या पोटातला होता. वर शेजारी, खाली शेजारी, दोन बाजूंना शेजारी, उन्हाला तोंड देणारी भिंत एखादीच. आता तुमच्या डोक्यावर थेट स्लॅब आहे आणि उन्हाळ्यात दुपारचं ऊन सगळ्यात जास्त त्या आडव्या छपरावरच पडतं, भिंतींवर नाही. तोच एसी आता शेजाऱ्यांच्या पांघरुणाशिवाय काम करतोय असं समजा.

दुसरं कारण जागेचं. पत्रात तुम्ही लिहिलंय की आधी दोन खोल्या होत्या आणि आता पाच. मोकळी जमीन मिळाली की घर मोठं होतं, हे फक्त तुमचं नाही, अमेरिकेत १९७३ साली नव्या स्वतंत्र घराचं सरासरी क्षेत्रफळ १,६६० चौरस फूट होतं ते २०१५ पर्यंत २,६८७ झालं, आणि त्याच काळात घरटी माणसं मात्र कमी झाली. जास्त खोल्या म्हणजे जास्त दिवे जास्त पंखे जास्त हवा थंड करायची. तिथल्या सरकारच्या ऊर्जेची आकडेवारी ठेवणाऱ्या ईआयए या विभागाच्या पाहणीत पाच किंवा जास्त फ्लॅट असलेल्या इमारतीतलं कुटुंब इतर प्रकारच्या घरांच्या मानाने साधारण निम्मीच ऊर्जा वापरतं असं दिसलेलं आहे, वर केलेला ठोकळा आणि लहान क्षेत्रफळ ही त्याची दोन मोठी कारणं.

पण मला तुमच्या पत्रातली जास्त खटकलेली गोष्ट वेगळीच आहे, तुम्ही ती जाता जाता लिहून गेलात. "यांचं ऑफिस आता २० किलोमीटरवर पडतं." म्हणजे रोज जाऊन येऊन ४०. गाडी लिटरला १५ किलोमीटर जात असेल तर रोजचं पावणेतीन लिटरच्या आसपास पेट्रोल. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट एवढी ऊर्जा असते, म्हणजे रोजची २४ युनिट, आणि महिन्याचे कामाचे २२ दिवस धरले तर ५०० च्या वर! हे कुठल्याच मीटरवर दिसत नाही, पंपावर थोडं थोडं भरलं जातं म्हणून जाणवत नाही. इथे एक दुरुस्ती मीच करतो, नाहीतर कुणीतरी बरोबर पकडेल. पेट्रोलचं युनिट आणि विजेचं युनिट सरळ शेजारी ठेवता येत नाही, कारण कोळशावरच्या वीजकेंद्रात जाळलेल्या इंधनाचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच वीज म्हणून बाहेर पडतो. म्हणजे इंधनाच्या हिशोबात ती रोजची २४ युनिटं घरातल्या ८ युनिट विजेएवढी. तरीसुद्धा ८ युनिट म्हणजे बेडरूमचा एसी जवळजवळ रात्रभर चालल्यासारखंच आहे की! आणि ते रोज, हिवाळ्यातसुद्धा.

तुम्हाला परत फ्लॅटमध्ये जा असं मी म्हणणार नाही, घर हौसेने बांधलंय तुम्ही. छपरावरचं ऊन आधी अडवा, बाकी नंतर. पांढरा परावर्तक थर किंवा वर सावलीची सोय. काळपट गच्ची उन्हाचा १०-२० टक्के भागच परत फेकते, चांगला ताजा पांढरा थर ७०-८० टक्के फेकतो. धूळ बसली की तो आकडा उतरतो म्हणून गच्ची धूत राहायला लागते, हे सहसा कुणी सांगत नाही.

प्रश्न : आमचं नुकतंच लग्न झालंय. २२ व्या मजल्यावरचा नवा फ्लॅट घ्यावा की चार मजली जुन्या इमारतीतला? मी म्हणते दाट वस्ती चांगली तर टॉवर सगळ्यात चांगला, नवरा म्हणतो लिफ्ट आणि पंपातच सगळी वीज जाते.

दोघंही अर्धे बरोबर आहात. आधी पंपाचं बघू, कारण त्याचा हिशोब नेमका करता येतो. १,००० लिटर पाणी ७० मीटर वर चढवायला नुसतं भौतिकशास्त्राने ०.१९ युनिट लागतं, पंप आणि पाइपमधलं नुकसान धरून ०.४ म्हणू. तुम्ही दोघं दिवसाला ३०० लिटर वापरलंत तर महिन्याला जेमतेम साडेतीन-चार युनिटं. म्हणजे नवऱ्याला सांगा, पंपाने काही घर बुडत नाही. लिफ्ट, जिन्यातले दिवे, तळघरातल्या पार्किंगचे हवा खेचणारे पंखे हे मात्र दिवसरात्र चालतं आणि ते कॉमन बिलात जातं, घरच्या बिलात दिसत नाही. टॉवर घेताना मेंटेनन्सचं बिल मागून घ्या आणि त्यातले विजेचे आकडे बघा, बहुतेक लोक जिमचा फोटो बघतात.

उंचीचा खरा प्रश्न वेगळाच आहे. चार-पाच मजली इमारती एकमेकींना सावली देतात, वारा अडवतात. २२ वा मजला शेजाऱ्यांच्या डोक्यावरून वर निघालेला, तिथे दिवसभर ऊन आणि सगळ्या बाजूंनी वारा, आणि वर दर्शनी भागाला काच जास्त. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिप स्टेडमन यांच्या गटाने खऱ्या इमारतींचा वापर तपासला तेव्हा २० आणि त्यावर मजले असलेल्या ऑफिस इमारतींत दर चौरस मीटरला लागणारी वीज ६ मजल्यांपर्यंतच्या इमारतींच्या जवळपास अडीचपट निघाली. ऑफिसांचा आकडा आहे तो, घराला जसाच्या तसा लावू नका, पण उंच गेलं की बचत आपोआप वाढत जाते हा समज त्याने नक्की मोडतो.

आणि गच्चीचं वाटप. २० मजले, मजल्यावर ४ फ्लॅट म्हणजे ८० कुटुंबं आणि गच्ची एकच, समजा ४०० चौरस मीटर. टाकी लिफ्टरूम काहीही वजा न करता प्रत्येकाच्या वाट्याला ५ चौरस मीटर, म्हणजे फार तर एक किलोवॉटचं सोलर. तीच गच्ची चार मजली इमारतीला असेल तर वाटा पाचपट. मला विचाराल तर एकमेकींना लागून असलेल्या चार ते सहा मजली इमारती ही माणसाने शोधलेली फार शहाणी रचना आहे. भिंती वाटून घेतल्या जातात, जिना चढता येतो, गच्ची पुरते, रस्त्यावरून हाक मारली तर ऐकू येते.

जुनी इमारत घ्या, पण पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली करायला परवानगी मिळते का ते आधी विचारा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, ३० वर्षं याच घरात आहे. घरात काहीच बदललं नाही, तरी पूर्वी रात्री खिडकी उघडली की झोप लागायची, आता एसीशिवाय जमत नाही. वय झालं म्हणून की खरंच गरम होतंय?

बाई, तुमचं वय नाही, तुमच्या आजूबाजूचं सगळं बदललंय. तुम्हीच लिहिलंय की समोरच्या मोकळ्या जागेवर इमारत आली, मागची झाडं गेली आणि अंगणाला पेव्हर ब्लॉक लागले.

ही गोष्ट आजची नाहीये. लंडनच्या ल्यूक हॉवर्ड नावाच्या माणसाने, ज्याने ढगांना नावं दिली तोच, दोनशे वर्षांपूर्वी शहरातलं आणि बाहेरच्या खेड्यातलं तापमान रोज लिहून ठेवलं आणि १८१८ पासून ते छापायला लागला. त्याला दिसलं की रात्री शहर खेड्यापेक्षा सरासरी सुमारे २ अंश सेल्सिअसने गरम असतं आणि दिवसा जवळजवळ फरकच नाही, उलट शहर किंचित थंडच! म्हणजे उष्णतेचा खरा मार रात्री बसतो. दिवसभर काँक्रीट आणि डांबर ऊन पितं आणि अंधार पडला की ते सोडायला लागतं. मोकळ्या मैदानावर ती उष्णता सरळ आकाशाकडे निघून जाते, पण दोन्ही बाजूंना उंच भिंती असतील तर एका भिंतीने सोडलेली समोरची भिंत घेते आणि आकाशाची पट्टी अरुंद असल्यामुळे सगळं तिथल्या तिथे फिरत राहतं.

गेल्या उन्हाळ्यात रात्री ११ वाजता मी माझ्या खोलीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला आतून तळहात लावून बघितला. गरम पातेल्याला फडक्यावरून हात लावावा तशी ती लागत होती. पूर्वेची भिंत त्या मानाने गार. नऊ इंची विटेची भिंत ऊन आतल्या बाजूला पोचवायला ६-७ तास घेते, म्हणजे संध्याकाळी ४-५ चं ऊन मला झोपायच्या वेळेला मिळत होतं. तुम्हीही एकदा असंच करून बघा, सगळ्या भिंतींना हात लावत फिरा, कुठली भिंत त्रास देतेय ते कुठल्याही यंत्राशिवाय कळतं.

झाडांचं मोल आपण सावलीपुरतं धरतो पण ते त्याहून जास्त आहे. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, एका लिटरला साधारण ०.६८ युनिट. एखाद्या मोठ्या झाडाने दिवसात १०० लिटर पाणी पानांतून सोडलं तर त्याने आसपासच्या हवेतून आणि उन्हातून ६८ युनिट एवढी उष्णता उचलली, बिल न पाठवता. ते झाड तोडलं की हे काम कुणीतरी करायला लागतं, मग एसी येतो. आणि एसी उष्णता नाहीशी करत नाही, खोलीतली बाहेर टाकतो आणि वर स्वतःने खाल्लेल्या विजेचीही टाकतो, म्हणजे खोलीतून ३ भाग काढले तर बाहेर ४ जातात. कुठे? शेजारच्याच्या खिडकीत. मग शेजारी एसी घेतो. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरावर ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने २०१४ साली केलेल्या अभ्यासात नुसत्या एसींनी बाहेर फेकलेल्या उष्णतेमुळे काही भागांत रात्रीचं तापमान १ अंशापेक्षा जास्त वाढतं असं दिसलं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ज्याला एसी परवडत नाही तो माणूसही याच गल्लीत राहतो आणि त्याच्या वाट्याला सगळ्यांची गरम हवा येते.

अंगणातले पेव्हर निम्मे तरी काढा, तिथली माती उघडी करा आणि पश्चिमेला लवकर वाढणारं, पसरट सावलीचं झाड लावा. तीन-चार वर्षं लागतील. तोपर्यंत त्या भिंतीला बाहेरून वेल किंवा हिरवं शेडनेट, भिंतीपासून अर्धा फूट सोडून, म्हणजे मधून हवा खेळेल.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडी घेतली की लांब राहायला काही हरकत नाही ना?

पेट्रोलपेक्षा खूपच बरं. किलोमीटरला साधारण ०.१५ युनिट धरलं तर ४० किलोमीटरला ६. पण महिन्याला ती १३० च्या वर युनिटं होतात आणि ती आता तुमच्याच मीटरवर येतील, शिवाय लांबच्या वस्तीला लागणारा रस्ता, पाण्याची पाइपलाइन, रस्त्यावरचे दिवे तेवढेच राहतात. रस्त्यातले दोन तासही तेवढेच.

प्रश्न : तुमच्यासारखे लोक दाट वस्तीचं कौतुक करतात ते मला पटत नाही. श्रीमंत माणूस लांब मोठ्या घरात राहतो आणि जास्त वीज जाळतो, त्यात शहराच्या रचनेचा काय संबंध? आणि लोकांना कोंबून ठेवायचं का?

रागावून लिहिलंत पण प्रश्न अगदी बरोबर विचारलात, अभ्यासकांचंही यावरच भांडण आहे. ऑस्ट्रेलियातल्या पीटर न्यूमन आणि जेफ केनवर्थी यांनी १९८९ मध्ये जगातली ३२ शहरं शेजारी ठेवून दाखवलं की वस्ती जितकी विरळ तितकं माणशी पेट्रोल जास्त. लगेच त्यांच्यावर टीका झाली, की पेट्रोलचा भाव आणि लोकांचं उत्पन्न तुम्ही नीट धरलेलंच नाही. टीकेत दम होता. पुढे २००६ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी बांधकामाचं सामान, घर चालवणं आणि प्रवास असं सगळं मिळून मोजलं, तेव्हा विरळ उपनगरात माणशी ऊर्जा दाट मध्यभागाच्या २ ते अडीचपट निघाली, पण तोच हिशोब दर चौरस मीटर जागेला केला तर १ ते दीडपटच. म्हणजे तुमचं म्हणणं खरं आहे, फरकाचा मोठा हिस्सा मोठ्या घराचा आहे. फक्त मी एवढंच विचारतो, की मोठं घर बांधायची मुभा आणि ओढ आली कुठून? जमिनीचे मोठे प्लॉट पाडले, तिथवर रस्ता नेला, लहान घर बांधूच दिलं नाही, हीसुद्धा शहराची रचनाच झाली ना.

कोंबण्याबद्दल. दाटी आणि गर्दी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका खोलीत आठ माणसं ही गर्दी, तिचं कौतुक कुणीच करू नये, तिथे वीज कमी लागते ती हालअपेष्टांमुळे. प्रत्येकाला पुरेशी खोली, पण घरं एकमेकांना लागून आणि कामं जवळ, ही दाटी. १९९० च्या सुमारास बार्सिलोना आणि अटलांटा या दोन शहरांची लोकसंख्या जवळपास सारखी, २८ लाख आणि २५ लाख, पण बार्सिलोनाचा बांधलेला भाग १६२ चौरस किलोमीटर आणि अटलांटाचा ४,२८०. शहरनियोजक अलँ बर्तो यांनी हे दोन नकाशे एकाच मापात शेजारी ठेवले होते, एकदा बघितले की विसरत नाहीत. अटलांटात मेट्रो सगळीकडे न्यायची म्हटली तरी स्टेशनपासून चालण्याच्या अंतरावर माणसं आणायची कुठून?

आणि नुसती दाटी हे औषध नाही हेही मान्य करतो. २०१० मध्ये रीड युइंग आणि रॉबर्ट सर्व्हेरो यांनी तोवरचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तर गाडी किती चालवली जाते याच्याशी सगळ्यात घट्ट संबंध निघाला तो आपल्याला जिथे जायचंय ती ठिकाणं किती सहज गाठता येतात याचा, वस्तीच्या निव्वळ घनतेचा अगदी थोडा. शहराच्या टोकाला माळावर वीस टॉवर उभे केले आणि खाली ना दुकान ना शाळा, तर दाटी झाली पण प्रत्येक गोष्टीला गाडी काढायची ती काढायचीच. असे प्रकल्प बघितले की जीव तुटतो माझा, कारण पुढची पन्नास वर्षं तिथली माणसं ते भोगणार असतात.

प्रश्न : हे सगळं घर बांधायच्या आधी सांगायला हवं होतं. आमची वसाहत तर उभी आहे, आता नकाशा थोडाच बदलणार?

बदलतो! आमच्या वसाहतीतलंच सांगतो. मुलांची शाळा आमच्या मागच्या कंपाउंड वॉलपलीकडे, सरळ रेषेत ३०० मीटरसुद्धा नाही, पण भिंत असल्यामुळे मुख्य गेटमधून फिरून जायचं तर पावणेदोन किलोमीटर, तेही मोठ्या रस्त्याच्या कडेने, फुटपाथ नाही. त्यामुळे चालत कुणीच जायचं नाही, रोज सकाळी चाळीसेक गाड्या आणि स्कूटर निघायच्या, दुपारी परत. त्या भिंतीत आम्ही चार फुटी फाटक पाडलं. एवढंच. पहिल्या आठवड्यात आईवडील सोबत चालत गेले, मग पोरं आपापली जायला लागली. आता सकाळी निघणाऱ्या गाड्या मी गच्चीवरून मोजतो, दहा-बाराच्या वर जात नाहीत.

तेव्हा तुमच्या वसाहतीचा नकाशा काढा आणि शाळा, बस स्टॉप, दुकान, दवाखाना यांच्याकडे जाणारी सरळ रेघ आखा, रेघ जिथे भिंतीला अडते तिथे खूण करा. बहुतेक वेळा अशा दोन-तीनच खुणा निघतात. पुढच्या मीटिंगला तोच कागद घेऊन जा. सुरक्षेचा मुद्दा नक्की निघेल आणि तो खोटा नसतो, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना भीती वाटते, त्यांचं आधी ऐका. आम्ही फाटक सकाळी ६ ते रात्री ८ उघडं ठेवतो, बाजूला दिवा लावलाय आणि किल्ली समोरच्याच घरातल्या काकूंकडे असते. त्यांना उजाडता उठायची सवय आहे त्यामुळे अजून एकदाही उशीर झालेला नाही.